अखेरचा निकाल आणि मागे उरलेला कागद

जळगाव जिल्ह्यातल्या पाचोऱ्यात दाखल झालेल्या एखाद्या गंभीर गुन्ह्याचा पुढचा रस्ता ठरलेला आहे. खटला सत्र न्यायालयात चालतो, अपील छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात जाते, आणि ज्याची ऐपत, ओळख आणि चिकाटी टिकते तो दिल्लीपर्यंत पोहोचतो. प्रत्येक टप्प्यावर निदान एवढी आशा असते की इथे चूक झाली तर वरचे न्यायालय ती दुरुस्त करील. सर्वांत वरच्या न्यायालयाने शिक्कामोर्तब केले की ही आशा संपते आणि निकाल अंतिम होतो. अंतिम याचा अर्थ एवढाच की आता तपासणारे कोणी उरले नाही. निकाल बरोबर आहे याची ती हमी नव्हे. मग असा निकाल चुकलेला असेल तर तो पुन्हा उघडायचा की नाही, उघडायचा तर कोणत्या अटीवर? जगभरच्या फौजदारी न्यायालयांना, युद्धगुन्ह्यांचे खटले चालवणाऱ्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणांनाही, या प्रश्नाने छळले आहे. त्यांनी दिलेले उत्तर थोडक्यात असे: काही नवीन हाती लागले असेल तरच या. हे उत्तर अपुरे आहे. पुरावा केव्हा सापडला याला कायदा फार महत्त्व देतो. तो पुरावा कोणी खरोखर तोलून पाहिला होता का, हा प्रश्न त्याआधीचा आहे, आणि महाराष्ट्रातल्याच एका खटल्याने तो उघडा पाडला.

आधी आंतरराष्ट्रीय बाजू पाहू, कारण तिथे हा विचार अगदी पाटी कोरी असताना सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेंबर्गचे न्यायाधिकरण स्थापन झाले तेव्हा त्याच्या सनदेच्या 26व्या कलमाने निकाल अंतिम ठरवला आणि त्याचा फेरविचार होणार नाही असे स्पष्टच लिहिले. टोकियोतही अपिलाला न्यायालय नव्हते. निकाल मित्रराष्ट्रांचे सरसेनापती जनरल मॅकआर्थर यांच्यापुढे जाई, आणि त्यांना शिक्षा कमी करता येत असे, वाढवता येत नसे. भारताचे न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांनी तिथल्या सर्व 25 आरोपींना निर्दोष ठरवणारा स्वतंत्र निकाल लिहिला, पण बहुमतापुढे त्याचा आरोपींना काही उपयोग झाला नाही. जपानचे माजी पंतप्रधान हिरोता यांनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. आपल्याला हे प्रकरण ऐकण्याचा अधिकारच नाही, असे त्या न्यायालयाने 20 डिसेंबर 1948 रोजी सांगितले आणि 23 डिसेंबरला हिरोता यांच्यासह सात जणांना फाशी झाली. हिरोता दोषी होते की नव्हते हा वेगळा वाद आहे. इथे मुद्दा एवढाच की फाशीच्या निकालावर दुसऱ्यांदा नजर टाकणारे न्यायालय जगात कुठेही नव्हते.

ही उणीव 1990च्या दशकात भरून निघाली. माजी युगोस्लाव्हियासाठी 1993 साली आणि रवांडासाठी 1994 साली स्थापन झालेल्या न्यायाधिकरणांना अपील कक्ष मिळाला. शिवाय अंतिम निकालाच्या पुनर्विलोकनाची सोयही कायद्यातच लिहिली गेली. त्यासाठी न्यायाधीशांनी चार अटी घातल्या. पुढे आणलेली वस्तुस्थिती नवीन हवी, म्हणजे खटल्यात किंवा अपिलात तिच्यावर वाद झालेला नसावा. अर्जदाराला ती त्या वेळी माहीत नसावी. ती माहीत न होण्यामागे त्याचा किंवा त्याच्या वकिलांचा निष्काळजीपणा नसावा. आणि ती निकाल फिरवू शकेल इतकी वजनदार असावी. 1998च्या रोम कराराने स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने 84व्या कलमात साधारण हीच चौकट ठेवून तिच्यात भर घातली. निर्णायक पुरावा खोटा किंवा बनावट निघाला, अथवा न्यायाधीशानेच गंभीर गैरवर्तन केले, तरी निकाल उघडता येतो. दोषी ठरलेली व्यक्ती मरण पावली असेल तर तिची पत्नी किंवा पती, मुले, आईवडील अर्ज करू शकतात. भारत या कराराचा सदस्य नाही, पण निदान एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. वंशसंहाराच्या आरोपीलासुद्धा आपल्याला कोणत्या कलमाखाली आणि कोणत्या कारणासाठी परत येता येईल, हे तिथे वाचून कळते.

या अटी प्रत्यक्षात कशा चालतात ते वेसेलिन श्लिव्हान्चानिन या युगोस्लाव्ह लष्करी अधिकाऱ्याच्या खटल्यात दिसते. नोव्हेंबर 1991 मध्ये क्रोएशियातले वुकोवार शहर पडल्यावर तिथल्या इस्पितळातून नेलेल्या बंद्यांना ओव्चारा गावी ठेवण्यात आले. लष्करी पहारा काढून घेतल्यावर त्या रात्री त्यांची कत्तल झाली. त्यातल्या 194 जणांच्या खुनाचा आरोप न्यायालयात सिद्ध झाला. खालच्या कक्षाने 2007 साली श्लिव्हान्चानिन यांना बंद्यांच्या छळाला साहाय्य केल्याबद्दल पाच वर्षांची शिक्षा दिली. अपील कक्षाने 5 मे 2009 रोजी खुनांना साहाय्य केल्याचाही दोष त्यांच्यावर ठेवला आणि शिक्षा सतरा वर्षांवर नेली. या वाढीचा सगळा भार एका अनुमानावर होता. त्या रात्री वरिष्ठ अधिकारी म्र्कशिच यांनी पहारा काढल्याचे श्लिव्हान्चानिन यांना सांगितलेच असणार, असे न्यायाधीशांनी गृहीत धरले होते. पुढे मिओद्राग पानिच नावाचे अधिकारी साक्षीला आले. ते संभाषण आपल्यासमोर झाले आणि त्यात पहारा काढल्याचा विषय निघालाच नाही, असे त्यांनी सांगितले. न्यायालयाने त्यांची उलटतपासणी ऐकली, साक्ष विश्वासार्ह मानली आणि 8 डिसेंबर 2010 रोजी खुनाची दोषसिद्धी रद्द करून शिक्षा दहा वर्षांवर आणली. ज्या न्यायालयाने अनुमान काढले होते त्यानेच ते मागे घेतले, तेही दोन वर्षांच्या आत. यात न्यायालयाची अब्रू गेली असे मला वाटत नाही. एका माणसाच्या मनात काय होते हे अंदाजाने ठरवून त्याच्या आयुष्यातली बारा वर्षे वाढवली गेली होती. त्या खोलीत हजर असलेल्या माणसाला ऐकून घेणे हेच न्यायालयाचे काम होते.

आता महाराष्ट्रातला खटला. 5 जून 2003च्या रात्री नाशिकजवळ पेरूच्या बागेत राहणाऱ्या एका कुटुंबावर दरोडा पडला. पाच जण मारले गेले, दोघींवर बलात्कार झाला, त्यांतली एक अल्पवयीन मुलगी होती. आई आणि एक मुलगा वाचले. पोलिसांनी सहा जणांना अटक केली. हे सगळे भटक्या जमातीतले, मजुरीवर जगणारे, जालना जिल्ह्यातल्या भोकरदन भागातले. अजिंठ्याच्या डोंगराच्या अलीकडे पाचोरा आणि पलीकडे भोकरदन, इतका हा मुलूख आपल्याला लागून आहे. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. मुंबई उच्च न्यायालयाने 2007 साली तिघांची फाशी कायम केली आणि तिघांची जन्मठेपेवर आणली. सर्वोच्च न्यायालयाने 30 एप्रिल 2009 रोजी त्या तिघांचीही फाशी पुन्हा लावली. म्हणजे देशातल्या सर्वोच्च पीठाने या खटल्यात दया कमी केली, वाढवली नाही. निकाल अंतिम झाला.

त्यानंतरची वाट सरळ नव्हती. अवघ्या दोन आठवड्यांनी, 13 मे 2009 रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या पीठाने संतोषकुमार बरियार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सांगितले, की फाशी ठरवताना केवळ गुन्हा पाहायचा आणि गुन्हेगाराची परिस्थिती पाहायची नाही असा जो जुना आधार काही निकालांनी घेतला तो कायद्याला सोडून आहे. नाशिकचा निकालही त्याच जुन्या आधारावर होता. तो आधार चुकीचा आहे हे न्यायालयाने लिहून ठेवले आणि माणसे मात्र फाशीच्या कोठडीतच राहिली. 2012 साली 14 माजी न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना पत्रे लिहून अशा सर्व कैद्यांची फाशी रद्द करण्याची विनंती केली. सहांपैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता हेही पुढे निष्पन्न झाले. 2014 साली मोहम्मद आरिफ प्रकरणात घटनापीठाने ठरवले, की फाशीच्या फेरविचार याचिका तीन न्यायमूर्तींनी खुल्या न्यायालयात ऐकायच्या. तोवर त्या न्यायमूर्तींच्या दालनात, वकिलाला न बोलावता, कागद फिरवून निकालात निघत. 31 ऑक्टोबर 2018 रोजी न्यायालयाने 2009चा निकाल मागे घेतला, अपिले पुन्हा चालली, आणि 5 मार्च 2019 रोजी न्यायमूर्ती सिक्री, अब्दुल नझीर आणि एम. आर. शाह यांच्या पीठाने सहाही जणांची निर्दोष मुक्तता केली. सोळा वर्षे तुरुंगात गेली होती. राज्याने प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यावेत आणि चुकार तपास अधिकाऱ्यांवर कारवाईचा विचार व्हावा, असा आदेश झाला.

न्यायालयाला असे काय सापडले? माझ्या लेखी सबंध विषयाची नाडी इथे आहे. वाचलेल्या आईने घटनेनंतर दोनच दिवसांत पोलिसांच्या अल्बममधल्या फोटोंवरून चार माणसे ओळखली होती. ते चौघे या सहांपैकी कोणीच नव्हते. त्या चौघांना ना अटक झाली ना त्यांची चौकशी, आणि नंतरच्या ओळखपरेडीवर मात्र सहा जणांची फाशी उभी राहिली. ही गोष्ट 2019 साली कुणा नव्या साक्षीदाराने सांगितलेली नाही. कुठल्या प्रयोगशाळेतून डीएनएचा अहवाल आला नाही. ती जून 2003 पासून तपासाच्या कागदांत होती. सत्र न्यायालय, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय, तीन टप्प्यांवरून खटला गेला, सहा माणसांच्या गळ्याभोवती तीनदा दोर आवळला किंवा सैल केला गेला, आणि त्या पहिल्या ओळखीला तिचे वजन कोणी दिले नाही. आरोपी अतिशय गरीब, भटक्या जमातीतले मजूर असल्यामुळे त्यांना खोटेपणाने गुंतवले गेल्याची शक्यता नाकारता येत नाही, असेही पीठाने नोंदवले. जन्मजात गुन्हेगार ठरवणारा ब्रिटिशांचा कायदा 1952 साली रद्द झाला, पण अल्बममधले चेहरे सोडून पालावरचा माणूस उचलण्याची सवय कायद्याबरोबर रद्द झालेली नाही.

आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणांच्या चार अटी या खटल्याला लावून पाहा. वस्तुस्थिती नवीन आहे का? नाही, ती पहिल्या आठवड्यापासून कागदांत आहे. मेहनती वकिलाला ती सापडली असती का? बहुधा हो. मग निष्काळजीपणा कोणाचा? कायदा म्हणेल, बचाव पक्षाचा. ज्याला वकील निवडण्याची ऐपत नव्हती, जो आपल्या आरोपपत्राची भाषाही नीट वाचू शकला नसता, त्याने वकिलाच्या झोपेची किंमत मानेने चुकवावी असा याचा अर्थ होतो. चारपैकी तीन अटींवर हा अर्ज उंबऱ्यावरच अडला असता. आंतरराष्ट्रीय न्यायाधीशांना हा धोका दिसला होता. म्हणूनच दुर्लक्ष केल्यास उघड अन्याय होणार असेल तर अटी शिथिल करता येतील, अशी फट त्यांनी ठेवली. पण फट म्हणजे न्यायाधीशाची मर्जी, आणि मर्जीवर कोणाला हक्क सांगता येत नाही. पुराव्याच्या वयाऐवजी त्याचे वजन पाहणारी कसोटी असती तर प्रश्न सरळ विचारला गेला असता: हा पुरावा निकालाला धक्का देणारा आहे का, आणि आधीच्या कोणत्याही निकालपत्रात त्याचा विचार कारणांसह झालेला दिसतो का? पहिल्याचे उत्तर हो आणि दुसऱ्याचे नाही असेल, तर फाईल उघडलीच पाहिजे, कागद 2003चा असो की कालचा.

यावर पहिला आक्षेप असा येईल की मग कोणताच निकाल शेवटचा राहणार नाही. म्हातारी मेल्याचे दुःख नाही, काळ सोकावतो, ही भीती खरी आहे. जळगाव जिल्ह्यातला प्रत्येक हरलेला पक्षकार अमुक कागद वाचलाच नाही म्हणत पुन्हा दारात उभा राहील. पण कसोटीचा दुसरा भाग याच माणसाला अडवतो. न्यायालयाने तो कागद वाचून, कारण देऊन बाजूला ठेवला असेल, तर तो विषय संपला. निकाल पटला नाही, हे उघडण्याचे कारण होऊ शकत नाही. शिवाय इथे शेताच्या बांधाचे किंवा धनादेशाचे वाद अभिप्रेत नाहीत. जन्मठेप आणि फाशी एवढ्यापुरते हे दार ठेवले तरी पुरे. अंतिमतेची गरज मी नाकारत नाही. ती नसेल तर साक्षीदाराला वीस वर्षांनी पुन्हा पिंजऱ्यात उभे राहावे लागेल. पण अंतिमतेचा मान निकालपत्रातल्या कारणांमुळे असतो, आणि जिथे कारणच दिलेले नाही तिथे मान कशाला द्यायचा?

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. दार उघडे ठेवले की पैसेवाले साक्षीदार फिरवतात. रवांडाचे माजी मंत्री ऑगस्टिन न्गिराबात्वारे यांच्या प्रकरणात नेमके हेच घडले. वंशसंहाराच्या गुन्ह्यात त्यांना अपिलानंतर 30 वर्षांची शिक्षा झाली होती. मग त्यांच्याविरुद्धच्या चार साक्षीदारांनी आपण खोटे बोललो असे सांगितल्याचे पुढे आले आणि 2017 साली पुनर्विलोकनाची परवानगी मिळाली. त्यानंतर साक्षी फिरवण्यासाठी लाच आणि दडपण वापरल्याचे उघड झाले. सप्टेंबर 2019 मध्ये न्यायाधीशांनी साक्षीदारांच्या माघारीवर विश्वास ठेवायला नकार दिला, दोषसिद्धी कायम केली, आणि जून 2021 मध्ये त्यांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल वेगळी शिक्षा झाली. आक्षेप घेणारे हे उदाहरण आपल्या बाजूचे मानतात. मला ते उलट वाटते. पुनर्विलोकनाचे दार उघडले म्हणून साक्षी तपासल्या गेल्या आणि कारस्थान सापडले. अर्ज वाचताच फेटाळला असता तर खोट्या साक्षींवर खरा माणूस आत बसला आहे ही कुजबुज कायम राहिली असती. आणि नाशिकच्या खटल्यावरून वर सुचवलेल्या कसोटीत साक्षीदार फिरवून काही मिळत नाही, कारण ती जुन्या कागदाकडे पाहते. लाच देऊन 2003ची नोंद बदलता येत नाही.

तिसरा आक्षेप पीडितांच्या बाजूने येतो आणि तो सर्वांत वजनदार आहे. ज्या आईने नवरा-मुले गमावली, जिने अत्याचार सोसले, तिला सोळा वर्षांनी सांगायचे की आरोपी निर्दोष आहेत? हे क्रूर आहे यात शंका नाही. पण क्रौर्याची सुरुवात 2019 साली झाली नाही. तिने पहिल्या दोन दिवसांत दाखवलेले चार चेहरे कोणी पाहिले नाहीत, तिथे ती झाली. निकाल बंद ठेवला असता तर सहा निरपराध फाशी गेले असते आणि तिने ओळखलेले चौघे मोकळेच राहिले असते. 2019च्या निकालाने त्या चौघांच्या दिशेने पुढील तपासाचा विषय काढला, पण सोळा वर्षांनी माग थंडावलेला असतो. बंद दार पीडितांचे रक्षण करते हा समज या खटल्यापुरता तरी टिकत नाही.

एका बाबतीत मात्र मी आक्षेप घेणाऱ्यांबरोबर आहे. दार एकाच दिशेला उघडावे. रवांडाच्या न्यायाधिकरणाने 3 नोव्हेंबर 1999 रोजी ज्याँ-बॉस्को बारायाग्विझा यांची सुटका करायचे ठरवले, कारण त्यांना आरोपाशिवाय फार काळ कोठडीत ठेवले होते. रवांडा सरकारने न्यायाधिकरणाशी सहकार्य थांबवले. सरकारी पक्षाने नवीन वस्तुस्थिती पुढे केली आणि 31 मार्च 2000 रोजी सुटकेचा आदेश फिरला. बारायाग्विझा वंशसंहाराच्या प्रचारातले मोठे नाव होते, त्यामुळे कुणाला हळहळ वाटली नाही. पण राज्यसंस्थेच्या दबावाखाली आरोपीविरुद्ध उघडलेला निकाल हे धोकादायक उदाहरण आहे. रोम करारात फेरविचार फक्त दोषी ठरलेल्याच्या बाजूने होतो, आणि ते योग्यच आहे.

वेळेची अट बाजूला ठेवणे भारतीय कायद्याला परके नाही. बाल न्याय अधिनियम, 2015च्या नवव्या कलमानुसार गुन्ह्याच्या वेळी आपण अल्पवयीन होतो हा दावा कोणत्याही न्यायालयात, कोणत्याही टप्प्यावर, प्रकरण अखेरचे निकालात निघाल्यानंतरही करता येतो. पुण्यातल्या 1994 सालच्या हत्याकांडातल्या एका आरोपीची फाशी सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली कायम केली, फेरविचारही फेटाळला. 27 मार्च 2023 रोजी त्याच न्यायालयाने राजस्थानातल्या शाळेच्या नोंदीवरून मान्य केले की गुन्ह्याच्या वेळी तो बारा वर्षांचा होता. 28 वर्षांहून अधिक काळ आत काढल्यावर तो सुटला. इतकी वर्षे हे का सांगितले नाही, या कारणावर त्याला कोणी परत पाठवले नाही. वय ही अशी गोष्ट आहे की ती उशिरा कळली म्हणून बदलत नाही. मग दुसऱ्याच चार माणसांना साक्षीदाराने ओळखले होते, ही गोष्ट तरी उशिराने कशी बदलते?

आणि आता पाचोऱ्याकडे परत यावे लागते, कारण वर सांगितलेली जवळजवळ सगळी दारे फाशीच्या कैद्यासाठी आहेत. खुली सुनावणी फाशीसाठी. ऑगस्ट 2025 मध्ये नागपूरच्या एका खटल्यात, फेरविचार आणि दयेचा अर्ज दोन्ही फेटाळले गेल्यावरही, शिक्षेचा प्रश्न राज्यघटनेच्या अनुच्छेद 32 खाली पुन्हा उघडता येतो असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, तेही फाशीसाठीच. फेरविचारही फेटाळला गेल्यावर करायची उपचारात्मक याचिका 2002 पासून आहे, पण तिला ज्येष्ठ वकिलाचे प्रमाणपत्र लागते आणि कारणेही अगदी मोजकी चालतात. ज्याला जन्मठेप झाली आणि ज्याचे अपील संभाजीनगरच्या खंडपीठात संपले, त्याच्यासाठी काय आहे? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे 403वे कलम, जे आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचे 362वे होते, सांगते की सही झालेल्या निकालपत्रात कारकुनी किंवा आकडेमोडीच्या चुकीपलीकडे न्यायालयाला काही बदलता येणार नाही. दिल्लीला उशिरा विशेष परवानगी याचिका टाकता येते. ती एका ओळीत फेटाळली गेली की राज्यपालांची माफी उरते, आणि माफीने शिक्षा सुटते, दोष सुटत नाही. नाशिकच्या सहांपैकी तिघांची जन्मठेप 2009 साली फाशीत बदलली गेली नसती, तर त्या तिघांना खुल्या सुनावणीचा हक्क स्वतःच्या बळावर मिळालाच नसता. न्यायाचे दार उघडण्यासाठी आधी शिक्षा वाढावी लागते, ही व्यवस्था मला असह्य वाटते.

यावर उपाय अनुभवातून आलेला आहे. ब्रिटनमध्ये 1997 पासून एक स्वतंत्र आयोग अंतिम दोषसिद्धीच्या तक्रारी घेतो, स्वतः कागद मागवतो, आणि दम दिसला तर प्रकरण अपील न्यायालयाकडे परत पाठवतो. कैद्याला वकील परवडतो का, हा प्रश्न तिथे पहिल्याच दारात उभा राहत नाही. आपल्या विधी आयोगाने 2018च्या 277व्या अहवालात चुकीच्या खटल्यांच्या भरपाईचा विचार केला, पण भरपाईच्या आधी चूक शोधणारा कोणीतरी हवा. त्या शोधासाठी जिल्हा पातळीवर एक साधी तरतूद तातडीची आहे. अपील संपले की ठरावीक मुदतीनंतर मुद्देमालाची विल्हेवाट लागते आणि जुने कागद नष्ट करता येतात. जन्मठेप किंवा फाशी झालेला माणूस हयात आहे तोवर त्याच्या खटल्याचे तपासटिपण, ओळखीच्या नोंदी, फोटोंचे अल्बम आणि रासायनिक विश्लेषणाचे नमुने पोलीस ठाण्यातून आणि न्यायालयाच्या अभिलेखागारातून हलवता कामा नयेत, असा नियम राज्य सरकार आणि उच्च न्यायालय मिळून करू शकतात. त्यासाठी संसदेची वाट पाहावी लागत नाही.